शांतिसेनेचे उधारखाते

नागभीडच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुराला पुडक्यांचा शेकडा दर ठाऊक असतो. बोनस हाती केव्हा पडेल हे मात्र ठाऊक नसते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सैनिक धाडणाऱ्या देशांची गत याहून निराळी नाही. दर ठरलेला आहे. १९७४ साली दर सैनिकामागे दरमहा ५०० डॉलर होता, २०२२ साली तो १,४४८ डॉलर झाला. परंतु बडी राष्ट्रे वर्गणी थकवितात आणि भारत, बांगलादेश, नेपाळ यांसारख्या देशांची भरपाई रखडते. गरिबांनी श्रीमंतांना दिलेले हे बिनव्याजी कर्जच होय!

हा रोग जुना आहे. १९६१ साली कांगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्याच मोहिमेचा वाटा देण्यास फ्रान्स व सोव्हिएत युनियन या दोघांनीही नकार दिला. (तत्त्वे परस्परविरोधी, खिशाचे धोरण मात्र एक!) हा खर्च संघटनेचाच आहे, असा अभिप्राय हेगच्या न्यायालयाने २० जुलै १९६२ रोजी दिला. तरी अमेरिकेने १९९४ साली स्वतःच्याच कायद्याने आपला वाटा २५ टक्क्यांवर रोखला.

सनदेच्या १९ व्या कलमान्वये दोन वर्षांइतकी वर्गणी थकविणारा आमसभेतील मत गमावतो. सुरक्षा परिषदेतील नकाराधिकाराला मात्र थकबाकीचा स्पर्शही होत नाही. मोहिमा ठरतात त्या याच परिषदेत. दीडशेहून अधिक जवान गमावलेल्या भारताने केवळ बिलाची आठवण देत न बसता, थकबाकीदाराचा नकाराधिकार गोठविण्याची मागणी उघडपणे मांडली पाहिजे.