विनामूल्य मैफलीचे मोल

नाताळच्या दिवसांत अमेरिकेतील मोठ्या शहरांत, कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या तळमजल्यावरील दालनांत, दुपारच्या सुट्टीत विनामूल्य मैफली भरतात. कारकून, सफाई कामगार, रस्त्याने जाणारे वाटसरू, सारे घटकाभर थांबून ऐकतात. मालकाचे औदार्य म्हणून याचे कौतुक होते. आपल्या विचाराची मंडळी मात्र ‘भांडवलदारांची जाहिरातबाजी’ म्हणून ते झटकून टाकतात. आमच्या मते हे दोन्ही निर्णय उतावळे आहेत. तिकीट नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. तो कोणी सोसला, हे आधी तपासले पाहिजे.

प्रथम जागेचा विचार करू. न्यूयॉर्क शहराने १९६१ साली बांधकामाचे नियम बदलून, लोकांसाठी मोकळी जागा सोडणाऱ्या मालकाला जादा बांधकामाची सवलत दिली. सर्वांत दाट व्यापारी भागांत अशा एका चौरस फुटामागे दहा चौरस फुटांपर्यंत जादा बांधकाम मिळे. पुढे छताखालची दालनेही या योजनेत आली. २००० साली जेरॉल्ड केडन यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३२० इमारतींतील अशा ५०३ जागांची नोंद आहे. त्यांतील बऱ्याच जागा लोकांच्या फारशा उपयोगी नव्हत्या, हेही तिने दाखवले. अशा दालनातील श्रोता मालकाचा पाहुणा नसतो. त्या जागेची किंमत शहराने आधीच चुकती केलेली असते.

आता वादकांकडे वळू. ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि ज्यूकबॉक्स यांनी हजारो वादकांची रोजी हिरावली, तेव्हा जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखालील वादक संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विनंतीलाही ती बधली नाही. १९४४ च्या अखेरीस बड्या कंपन्या नमल्या आणि मुद्रिकांच्या विक्रीतून संघटनेच्या निधीत पैसा येऊ लागला. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने तो मार्ग रोखताच १९४८ साली पुन्हा बहिष्कार झाला आणि स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती नवा निधी उभा राहिला. या निधीतून वादकांना संघटनेच्या दराने मेहनताना मिळतो. अट एवढीच की, मैफल जनतेला विनामूल्य असावी.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. ज्यांच्या वादनावर कंपन्या कमावत होत्या, त्यांचा वाटा इतरांकडे जातो, म्हणून १९५६ साली लॉस एंजेलिसच्या वादकांनी बंड केले. त्यांची तक्रार निराधार नव्हती. शिवाय पुढे मुद्रिकांचा खप घसरला, तसा निधीही आटला. तथापि यंत्राच्या नफ्यावर यंत्राने विस्थापित केलेल्यांचाही हक्क आहे, हे तत्त्व त्या लढ्याने व्यवहारात उतरवले. संगणकच संगीत रचू लागला असताना त्या तत्त्वाचे महत्त्व वाढलेच आहे.

प्रत्येक मैफलीमागे हीच दोन कारणे असतात, असे नाही. काही मालक स्वतःच्या तिजोरीतूनही खर्च करतात. परंतु जिथे जनतेने आणि श्रमिकांनी किंमत मोजली आहे, तिथे आभाराची भाषा अनाठायी होय. हक्काचा इतिहास विसरला की हक्काचे दान होते, आणि दान केव्हाही बंद करता येते. म्हणून ‘फुकट’ हा शब्द कानी पडताच कार्यकर्त्याने हिशेब मागावा, आणि संगीतही मनसोक्त ऐकावे.