मर्यादा उमेदवाराला, झडती कास्तकाराची

आज सोयाबीन-तूर बाजूला ठेवून निवडणुकीच्या खर्चाबद्दल लिहितो. विषय आपल्या खिशापर्यंत येतो म्हणून.

२०२४ ची विधानसभा ऐन हंगामात आली. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. आपण सोयाबीन सोंगून, मळून बाजार समितीत नेतो तेच दिवस. या काळात ५० हजारांच्या वर रोकड कागदाशिवाय सापडली तर नाक्यावरचं पथक ती जप्त करू शकतं. अन् माल विकून आलेल्या माणसाजवळ मजुरांचे, कृषी केंद्राचे द्यायचे म्हणून तेवढी रोकड असतेच. तेव्हा काटापट्टी, अडत्याची हिशोबपट्टी किंवा बँकेची पावती सोबत ठेवत जा. जप्ती झालीच तर जिल्ह्याला तीन अधिकाऱ्यांची समिती असते. पैशाचा उमेदवार-पक्षाशी संबंध नसेल अन् गुन्हा नोंदलेला नसेल, तर रक्कम सोडायचा आदेश तीच देते.

हे सगळं कशासाठी? तर विधानसभेच्या उमेदवाराने ४० लाख अन् लोकसभेच्या उमेदवाराने ९५ लाखांच्या वर खर्च करू नये म्हणून. २०१४ मध्ये हेच आकडे २८ अन् ७० लाख होते. २०२४ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने (तो किती जणांना मिळाला ते सोडा) ४० लाख म्हणजे ८१७ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल धरा, शंभर एकरांचं पीक झालं.

तरी ही मर्यादा पाळली जाते का? माझ्या मते आजच्या रूपात नाही. कारण ती उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशोबात धरा. सरकारने लगेच वटहुकूम काढून तो निकाल निकामी केला. २००३ मध्ये ही सूट थोडी आवळली, पण स्टार प्रचारकांचा प्रवास अजूनही उमेदवाराच्या खात्याबाहेर, अन् पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला वरची मर्यादाच नाही. तीन बाजूंनी तार ओढून चौथी बाजू मोकळी ठेवली तर रोही कुठून शिरणार, हे सांगायला कृषी सहायक लागत नाही.

जाहिरातींचं तर बघाच. २००९ ला भोकर मतदारसंघात अशोक चव्हाण उभे होते. त्यांच्यावर वर्तमानपत्रांत पानंच्या पानं मजकूर आला अन् हिशोबात वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचा खर्च दाखवला ५,३७९ रुपये. पी. साईनाथ यांनी हे बाहेर काढलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने कारणे दाखवा नोटीस काढली, ती दिल्ली हायकोर्टाने रद्द केली. तोवर पुढची विधानसभा तोंडावर आली होती!

गोपीनाथ मुंडे तर २०१३ मध्ये जाहीर बोलले की आपल्या लोकसभेला ८ कोटी लागले. तेव्हा मर्यादा २५ लाख. आयोगाची नोटीस आली, पण निदान ते बोलले तरी.

मग मर्यादा काढूनच टाका, असं काही मित्र म्हणतात. मला पटत नाही. २०११ मध्ये उत्तर प्रदेशच्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी जाहिरातीचे २१,२५० रुपये लपवले म्हणून आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. म्हणजे कागद तपासला तर कायदा चावतो. मर्यादा पक्षालाही लावा अन् हिशोब तपासा, एवढंच मागणं.

तपासायचं काम आपणही करू शकतो. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशोब द्यावा लागतो अन् नियमाप्रमाणे १ रुपया फी भरून कुणीही तो पाहू शकतो. लोणार तालुका मेहकर मतदारसंघात येतो. पुढच्या निवडणुकीनंतर बुलढाण्याला कामाने गेलात तर तेवढं बघून या. आपल्या गावच्या सभेला मंडप केवढा होता, गाड्या किती आल्या, पंगती किती उठल्या हे आपल्याला तोंडपाठ असतं. कागदावर किती लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका.