अवकाश भौतिकी शिकायची, पण कोठे?

‘आदित्य-एल१’ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत पोहोचले. अशी बातमी वाचली की तुमच्यापैकी काहींना वाटते, आपणही या विषयात शिरावे. मग पहिला प्रश्न येतो : संस्था कोणती? आमच्या मते हा प्रश्न शेवटचा असावा. आधी विषय, मग मार्गदर्शक आणि त्यानंतर संस्था.

अवकाश भौतिकी म्हणजे अग्निबाण बांधणे नव्हे. सूर्यापासून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा वारा, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर यांचा परस्परसंबंध हा तिचा विषय. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणूनच अग्निबाण सोडण्यासाठी थुंबा हे गाव निवडले गेले व १९६३ साली तेथून पहिला अग्निबाण उडाला. या विषुववृत्तावर दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन बलरेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतात. उत्तरेकडे त्यांची दाटी साधारणपणे अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात होते. म्हणजे जळगाव-धुळ्यावरचे आकाश या दाटीच्या जवळच आहे!

आता स्वतःला विचारा, यातले काय शोधावेसे वाटते? चुंबकीय वादळांचे कोडे असेल, तर नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहा. तिचा वारसा कुलाबा वेधशाळेचा आहे. तेथे १८५९ च्या महावादळाची झालेली नोंद आजही जगभरचे संशोधक अभ्यासतात. सौर वारा व आयनांबर यांची ओढ असेल, तर विक्रम साराभाईंनी १९४७ साली स्थापलेली अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. सूर्याच्या प्रतिमा घेणारी दुर्बीण हवी असेल, तर पुण्याची ‘आयुका’ आहे. आदित्यवरील ‘सूट’ ही दुर्बीण तिनेच घडवली.

परंतु पदवीच्या नावात ‘अवकाश’ शब्द असलाच पाहिजे, हा हट्ट नको. या विषयाचा पाया विद्युतचुंबकत्व, गणित आणि संगणक यांचा आहे. तो जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात भौतिकशास्त्राची एम.एस्सी. करूनही घालता येतो. पुढे नेट, गेट किंवा जेस्ट यांसारख्या परीक्षांतून संशोधनाची दारे उघडतात आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला या संस्थांत पाठ्यवृत्ती मिळते. मग केवळ आकर्षक पाटी पाहून वडिलांच्या कपाशीचे पैसे भरमसाट शुल्कात का घालावेत?

नावाजलेल्या संस्थेचे वजन पडते, हे खरे. पण संशोधनाची चार-पाच वर्षे काढायची असतात ती मार्गदर्शकाच्या हाताखाली. म्हणून प्रवेशापूर्वी त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारावे : प्रबंध पूर्ण व्हायला किती वर्षे लागतात? उपकरणे स्वतः हाताळायला मिळतात का? निरीक्षणे स्वतःची असतात की उसनी? पूर्वीचे विद्यार्थी आज कोठे आहेत? असे विचारण्यात उद्धटपणा नाही, हे शिक्षकांनीही मुलांना सांगावे.

आणि विषय आपल्याला मानवतो का, हे पाहण्यासाठी पदवीची वाट कशाला? मे २०२४ मध्ये मोठे चुंबकीय वादळ झाले. लडाखमधील हान्ले येथूनही आकाशात तांबूस प्रभा टिपली गेली. त्या दिवसांचे ‘डीएसटी’ निर्देशांकाचे तासातासाचे आकडे जपानच्या क्योटो विद्यापीठाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. शिक्षकांच्या मदतीने ते मिळवा आणि १० ते १२ मे यांचा आलेख चौकटीच्या कागदावर काढा. रेषा एकाएकी कोसळते आणि मग सावकाश सावरते. ती सावरायला इतका वेळ का लागतो, हा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर खुशाल या वाटेला लागा.