बाळाची तहान आणि निदानाचा उशीर

गोव्यात मूत्रपिंडविकाराची चर्चा निघाली की लक्ष काणकोणकडे वळते आणि रुग्ण प्रौढच गृहीत धरला जातो. पेडणे वा डिचोलीतील अंगणवाडीत वजन न वाढणारे बाळ या चर्चेत नसते.

सिस्टिनोसिस हा दुर्मीळ आनुवंशिक विकार. जन्मतः बाळ निरोगी दिसते. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान तहान व लघवी अतोनात वाढते, ओकाऱ्या होतात, वाढ खुंटते, पुढे मुडदूस होतो. कुपोषण समजून पोषण आहार सुरू होतो, आणि येथेच फसगत होते. जुलाबाने सुकलेल्या बाळाची लघवी कमी होते. हे बाळ सुकत असतानाही त्याचे लंगोट भिजतच राहते. मूत्रात साखर सापडते, रक्तात मात्र ती वाढलेली नसते. ही विसंगती पकडायला साधी मूत्रपट्टी आणि रक्तशर्करेची चाचणी पुरते.

एक ते दोन लाख जन्मांमागे एक, हे याचे प्रमाण. वर्षाला वीस हजारांच्या आत जन्म होणाऱ्या गोव्यात पाच-दहा वर्षांत एखादेच बालक. तालुक्यातील डॉक्टरला ते न सुचणे स्वाभाविकच. पण सिस्टिअमीन लवकर मिळाल्यास मूत्रपिंडे अनेक वर्षे अधिक टिकतात. अन्यथा साधारण दहाव्या वर्षापर्यंत निकामी होतात.

राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणातील साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांवर गेली. परंतु ते सूचीतील रोगांनाच, तेही निदानानंतर. संशयित बालकाला बांबोळीला पाठवण्याची लेखी सूचना आरोग्य खात्याने दोन्ही तालुक्यांतील केंद्रांना द्यावी. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.