गुडघा दुखतोय, कुणाकडे न्यायचं?

बोरगावात कुणाचा गुडघा धरला की पारावर लगेच तीन नावं निघतात: एक मिरजेचं, एक कोल्हापूरचं, एक बेळगावचं. शेजारच्या काकांचं ऑपरेशन झकास झालं, खरं आहे. पण त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं, आणि तुमच्या आईच्या सांध्याची झीज झालीय. दोन्ही हाडाच्याच डॉक्टरकडची कामं, तरी प्रत्येकाचा हात वेगळ्या कामावर बसलेला असतो. म्हणून मी आधी एकच विचारते, "डॉक्टर, हेच ऑपरेशन महिन्याला किती करता?" जाणकार माणूस या प्रश्नावर चिडत नाही.

पाटीवरची पदवी वाचा. नोंदणी कर्नाटकातली असो वा महाराष्ट्रातली, त्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे ती तपासता येते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा अंदाजपत्रकात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

आणि मुलांनो, टाके काढायला, व्यायामाला आईला कोण नेणार, हे तारखेआधी ठरवा. पुण्यातून फोन करून गुडघा वाकत नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला जाताना जुने एक्स-रे पिशवीत घ्या, नाहीतर तिथं पुन्हा काढायला लावतात.