जादा पाटा घालण्यापूर्वी

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



ऊस नोंदीसाठी गट कार्यालयात येणाऱ्या सभासदांकडून हल्ली एक गाऱ्हाणे वरचेवर ऐकू येते. पूर्वी बोलणे बैलांचे नि पाण्याच्या पाळीचे असे, आता ते पिकअपचे असते. "साहेब, गाडी लई आदळती. मळ्यातनं घरी येईस्तोवर कंबर मोडून निघती." आणि त्याला जोडूनच दुसरे वाक्य, "मिस्त्री म्हणतोय, मागं अजून एक पाटा घालू."

विषय यंत्राचा आणि मी शेतीचा पदविकाधारक, तेव्हा याने यात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण बेणे, रोपे, खते आणि माणसे याच गाड्यांतून शिवारात जातात, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही खात्याचा झाला आहे. माझे स्पष्ट मत असे की, जादा पाट्याने गाडीचे धक्के कमी होत नाहीत, उलट वाढतात. जो पैसा आपण कमानीत घालतो, त्याच्या चौथाईत गाडी मऊ होऊ शकते.

आधी पाट्याचा हिशेब पाहू. पिकअपची मागची कमान टनाच्या वर ओझे पेलण्यासाठी बनविलेली असते. ओझे असले की ती दबते व खड्डा गिळते. गाडी रिकामी असली की ती दबतच नाही आणि खड्डा सरळ आपल्या पाठीत येतो. आता चार पाट्यांच्या कमानीत तेवढ्याच जाडीचा पाचवा घातला, तर तिचा ताठरपणा सुमारे एक चतुर्थांशाने वाढतो. जाडीचा मामला तर याहून वाईट. पाट्याची जाडी दुप्पट केली, तर ताठरपणा आठपट होतो. मग आपण पाटा घालतो कशासाठी? हंगामात वाढे, खत किंवा वाळू जास्त भरता यावी म्हणून. म्हणजे वर्षातले पंधरा-वीस दिवस ठासून भरायचे, त्यापायी उरलेले दिवस रिकाम्या गाडीत हाडे खिळखिळी करून घ्यायची! शिवाय चौकट, धुरा आणि ब्रेक हे कंपनीने दिलेल्या वजनापुरतेच असतात. पाटा वाढविला म्हणून ते बळकट होत नाहीत.

मग करायचे काय? पहिला उपाय फुकटाचा आहे, तो म्हणजे हवा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर किंवा गाडीच्या पुस्तकात हवेचा आकडा दिलेला असतो. कित्येक गाड्यांना रिकाम्याचा वेगळा आणि भरलेल्याचा वेगळा असतो. आपले लोक तो पाहत नाहीत. पंक्चरवाल्याला "टाईट भर" म्हणतात, किंवा टायरच्या अंगावर छापलेला आकडा धरतात. तो आकडा टायर सोसेल त्या कमाल मर्यादेचा आहे, रोजच्या वापराचा नव्हे. रिकाम्या गाडीच्या टायरात भरलेल्या गाडीची हवा ठेवली, तर तो टायर लाकडी चाकासारखाच वागतो. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी, कारण तापल्यावर ती चढते. मात्र याचा अतिरेकही नको. कमी हवेवर भरलेली गाडी डांबरी सडकेने पळविली, तर टायर कडेने तापून फुटतो. ओझे भरण्याआधी हवा पुन्हा पुरी करायची, ही सवय ज्यांना लागणार नाही त्यांनी हा उपाय करूच नये.

दुसरा उपाय शॉकअॅब्सॉर्बरचा. कमान धक्का घेते, पण घेतल्यावर ती झुलत राहते. ते झुलणे थांबविण्याचे काम शॉकअॅब्सॉर्बरचे. तो मेला की गाडी एका खड्ड्यात तीनदा उडते. ओळखण्याची खूण सोपी आहे. खराब रस्त्याने चारपाच किलोमीटर गाडी चालवून आणा आणि चारही शॉकअॅब्सॉर्बरना बेताने हात लावून बघा. जो काम करतो तो कोमट लागतो. एखादा गारच राहिला, तर तो नुसता लटकलेला आहे असे समजा. अंगावर तेल ओघळलेले दिसले तर तपासायचीही गरज नाही. बदलताना धुऱ्याची जोडी बदलावी, एकच बदलून गाडी एका अंगाला वेडी करू नये.

आता कमानीची निगा. पाटे गंजून एकमेकांना चिकटले की ते एकमेकांवर सरकत नाहीत, आणि पाच पाट्यांची कमान एका जाड पट्टीसारखी होते. बारीक खडे-खड्डे मग तिला कळतच नाहीत. यावर आपल्याकडे जळके तेल नि डिझेल फवारण्याचा रिवाज आहे. पाटे तेवढ्यापुरते हलतात खरे, पण तेच तेल रबरी बुशांत मुरते आणि रबर फुगून सडते. बुश गेला की लोखंडावर लोखंड वाजते. मग म्हणायचे, गाडीत दम राहिला नाही! पाटे सोडवून, घासून, मध्ये वंगण देऊन बसवावेत व टोकांच्या पट्ट्या झिजल्या असतील तर नव्या घालाव्यात. बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर लटकत ठेवून आवळले तर रबर पिळलेले राहते व लवकर फाटते. आठवड्याने यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. हे मिस्त्रीला सांगितले तर तो हसेल. हसू द्या.

एवढे सांगण्याचे कारण काय, तर बेणे. दहा महिन्यांच्या बेणेमळ्यातला रसरशीत ऊस आपण निवडतो, पाचटासकट वाहून न्या म्हणून मी घसा कोरडा करतो, आणि तोच ऊस सोललेला, ताठ कमानीच्या रिकाम्या-सिकाम्या गाडीत नाचत जातो. डोळे चेचले जातात. दिसायला टिपरी चांगली असते, पण उगवण विरळ होते आणि दोष बेण्याला मिळतो. ट्रेमधल्या रोपांचे तर विचारूच नका. मुळांभोवतीचा कोकोपीट सुटला की रोप लावणीनंतर मान टाकते. ट्रे धुऱ्याच्या मागे न ठेवता केबिनच्या बाजूला, पुढे ठेवावेत. हौद्याच्या मागच्या टोकाला सर्वांत जास्त उसळी बसते.

आणि त्याच टोकाला आपण मजूर बायकांना बसवितो. मालाच्या गाडीच्या हौद्यात माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सर्वांत जास्त जाचते, असे तज्ज्ञ सांगतात. दिवसभर वाकून खुरपणी केलेल्या बाईला संध्याकाळी तीच थरथर पत्र्यावर बसून सोसायची. केबिनमध्ये गादीवर बसणारा मालक कंबर दुखते म्हणून पाटा घालायला निघतो, तेव्हा मागे बसणारीच्या कमरेचे काय होणार, हा विचार त्याच्या मनात यायला हवा.

इतके करूनही पाणंद जर जशीच्या तशी राहिली, तर गाडीला किती दिवस मलमपट्टी करणार? शासनाने काय करावे हे आपण नेहमीच बोलतो. वाट अडविणाऱ्याविरुद्ध १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतात जायला वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मिळते. पण असलेली पाणंद बिघडविणारे आपणच आहोत, हे बोलायला कोणी तयार नाही. काळ्या रानात रस्त्याचा शत्रू एकच, पाणी. उसाला रात्रीचे पाणी सोडून आपण झोपतो, दंड फुटतो आणि पाणी पाणंदीत तुंबते. सकाळी ट्रॉल्या जातात नि गुडघाभर चाकोऱ्या पडतात. मग मुरूम मागायचा. मुरूम चिखलावर टाकला तर तो चिखलातच जातो. आधी दोन्ही कडेचे चर मोकळे हवेत आणि रस्त्याचा मध्य उंच हवा. सुक्या मुरमावर गाड्या वेगाने पळविल्या की त्यावर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा उठतात, तेही आपलेच कर्तृत्व.

पण सर्वांत वाईट धक्के देतात ते रस्त्याला आडवे खणलेले पाईपलाईनचे चर. चर खणायचा, पाईप टाकायचा, वर सैल माती लोटायची आणि निघून जायचे. पहिल्या पावसात माती खचते आणि रस्त्याला कायमची पन्हळ पडते. एकेका पाणंदीवर असे किती चर असतात, ते आपापल्या वाटेवर मोजून पाहावे. माती वीतभर थर देऊन, पाणी मारून, धुमसाने ठोकून भरली आणि वर मुरूम दिला, तर दोन गड्यांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ज्यांना यंदा पाईपलाईन न्यायची असेल त्यांनी ती पाऊस उघडताच, तोडणी सुरू होण्यापूर्वी न्यावी. एकदा ऊसवाहतूक सुरू झाली की उकरलेला चर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी भरत नाही.