यंत्राची मालकी आणि मताचे मूल्य

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी सध्या जी चर्चा चालते ती बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : यंत्र माणसासारखा विचार करील काय, आणि ते आमच्या मुलांच्या नोकऱ्या हिरावून घेईल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्याही आधीचा एक प्रश्न आम्हांला अधिक मूलभूत वाटतो. हे यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, आणि त्याच्या निर्णयाचा जाब कोणाला विचारायचा?

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. त्याआधी 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली होती. राज्याचे नियंत्रण नसले म्हणजे माणूस आपोआप स्वतंत्र होत नाही. तो खासगी मालकाच्या हुकमतीखाली जातो, हे त्यामागचे सूत्र होते.

कृत्रिम बुद्धिमत्ता हा आज असाच मूलभूत उद्योग होऊ पाहत आहे. तिच्यासाठी महागड्या चिप्स, अफाट वीज, पाणी आणि कोट्यवधी माणसांच्या लिखाणाचा, छायाचित्रांचा व व्यवहारांचा साठा लागतो. जगातील क्लाउड सेवेचा निम्म्याहून अधिक व्यवसाय ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन अमेरिकन कंपन्यांकडे आहे. दुसऱ्या टोकाला, या यंत्रांना शिकवण्यासाठी घाणेरडा व हिंसक मजकूर वाचून वेगळा काढणाऱ्या केनियातील कामगारांना तासाला दोन डॉलरहून कमी मजुरी मिळत होती, हे 2023 मध्ये ‘टाइम’ने उघडकीस आणले. घाण उपसणारा एक आणि नफा घेणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्या समाजाला नवी नाही.

मग केवळ राज्याची मालकी पुरेशी आहे काय? आमच्या मते नाही. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या शासकीय प्रणालीने निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जोडून कुटुंबांची पात्रता तपासली. संगणकीय छाननीवरून, नोटीस न देता रेशनकार्डे रद्द झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 2022 मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे 19 लाख कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करण्यास सांगितले. नेदरलँड्समध्ये सरकारी लाभांतील फसवणूक शोधणारी ‘सिरी’ ही प्रणाली हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये रोखली. तिचे काम पारदर्शक नव्हते आणि खासगी जीवनाच्या हक्काचा भंग होत होता. यंत्र सरकारी असले तरी ते उत्तर देत नसेल, तर गरिबाच्या दृष्टीने मालक बदलतो, हुकमत तीच राहते.

म्हणून आमचा आग्रह मालकीबरोबरच उत्तरदायित्वाचा आहे, आणि त्याची साधने आपल्या हाती आहेत. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील कलम 4 नुसार, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ‘संगणकात नाव येत नाही’ हे कारण नव्हे. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला कामांच्या सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. हजेरीपट गावासमोर वाचला जाऊ शकतो, तर लाभार्थी वगळणाऱ्या प्रणालीचे निकषही गावासमोर, मराठीत, वाचले गेले पाहिजेत. केंद्र शासनाने 2024 मध्ये ‘इंडिया एआय मिशन’साठी दहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. हा जनतेचा पैसा आहे. त्यातून जे उभे राहील ते जनतेला तपासता आले पाहिजे.

वारे मात्र उलटे वाहत आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम आकुंचित केले, आणि त्याच कायद्यातून शासकीय यंत्रणांना सूट देण्याची वाटही ठेवली. नागरिक शासनाला पारदर्शक आणि शासन नागरिकाला अपारदर्शक, हा लोकशाहीचा क्रम नव्हे.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज तहसील कार्यालयापासून संगणक कंपन्यांपर्यंत पसरले आहेत. त्यांतील अनेकांचे शिक्षण वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि घरातले रेशन यांच्या आधाराने झाले. ज्या कागदांनी आपल्याला वर आणले, त्या कागदांचा निकाल उद्या यंत्र देणार आहे. म्हणून जे प्रणाली लिहितात त्यांनी वगळलेल्या माणसाला अपिलाची जागा ठेवावी. जे कार्यालयात बसतात त्यांनी लेखी कारण द्यावे. आणि पालकांनी ते मागितल्याशिवाय खिडकी सोडू नये. मताचे मूल्य पाच वर्षांतून एकदा सिद्ध होते. माणसाचे मूल्य त्या खिडकीवर रोज ठरते.